तांदळातली डिस्क

वटार गावात फ्रेडरिक यांच्या घरात, पुढच्या खोलीतल्या शिवणयंत्राशेजारी, काळ्या पत्र्याचा एक डबा बरीच वर्षं बसून होता. पाहुण्यांना तो इन्व्हर्टर वाटायचा. घरातले त्याला ग्रेसीचा डबा म्हणत.

ग्रेसी ही फ्रेडरिक यांची मुलगी. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून तिने काही वर्षं शिकवलं, मग कामणच्या एका गोदाम कंपनीत सर्व्हर सांभाळायची नोकरी धरली. तिथे मोडीत निघालेलं एक जुनं मशीन तिने मागून घेतलं, स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणलं, त्यावर लिनक्स ही प्रणाली चढवली आणि तीन नव्या डिस्क बसवल्या. तिन्ही डिस्क वेगळं कार्ड न लावता, लिनक्सच्याच सॉफ्टवेअरने तिने एकत्र बांधल्या. अशा मोळीला ॲरे म्हणतात.

"एकाच डिस्कवर का नाही ठेवत सगळं?" तिची आई एलिसा हिने तेव्हा विचारलं होतं. ती ओटीवर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती.

"समज, तुझ्याकडे सहा केळी आहेत आणि माझ्याकडे चार. फ्लॉसी आत्याने फक्त बेरीज लक्षात ठेवायची, दहा. उद्या मी माझा आकडा विसरले, तर तुमच्या दोघींच्या आकड्यांवरून तो काढता येतो. तिघींपैकी कुणीही एक विसरली तरी चालतं."

"आणि दोघी विसरल्या तर?"

"मग नाही काढता येणार."

"फ्लॉसी एक वेळ स्वतःचं नाव विसरेल," एलिसा म्हणाली, "दुसऱ्याकडची केळी नाही विसरायची."

त्या ॲरेवर ठेवायचं होतं ते एलिसाचंच. धाकटा मुलगा जॅक्सन बहारीनला गेल्यापासून ती रोज संध्याकाळची रोझरी फोनवर रेकॉर्ड करून त्याला पाठवायची. रोझरीत एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी दुसरा अर्धा म्हणून उत्तर द्यायचं, अशी माळ फिरत राहते. पहिला अर्धा नेहमी एलिसाचा. "नमो मरिये" म्हणताना तिचा आवाज किंचित वर चढायचा आणि मग पायरी उतरल्यासारखा खाली यायचा. मागून फ्रेडरिक, ग्रेसी, फ्लॉसी आत्या एका सुरात, "पवित्र मरिये". मध्येच शेजारच्या वाडीतला पंप सुरू व्हायचा, कुणीतरी खोकायचं. जॅक्सन ते कामाला जाताना बसमध्ये ऐकायचा.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत एलिसा हॉस्पिटलमध्ये गेली ती परत आली नाही. तिचा फोनही परत मिळाला नाही. जॅक्सनने मधल्या काळात फोन बदलला होता. रेकॉर्डिंग उरली ती फक्त काळ्या डब्यात.

ॲरे म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य ग्रेसी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायची. ॲरे डिस्क मरण्यापासून वाचवतो, बाकी कशापासूनही नाही. दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवीच. स्वतःच्या घरी तिने ती केली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आईचा आवाज कुठेही हलवायचा म्हणजे तो ऐकावा लागला असता, आणि तेवढं तिच्याने होत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात फ्रेडरिक यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले. वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळायचं, पण तोंडातून एकच आवाज निघायचा, "ता". भूक लागली की ता, राग आला की ता. बाजारात केळ्यांचा भाव करताना समोरच्याला गप्प करणारा माणूस ओटीवर आरामखुर्चीत बसून राहायचा आणि कुणी आलं की मान फिरवायचा.

तुळिंजहून दिपिका नावाची स्पीच थेरपिस्ट स्कूटरवर येऊ लागली. तरुण होती, बोलायला मोकळी.

"ताई, शब्द जिथून निघतात ती जागा डॅमेज झालीये," तिने सांगितलं. "पण गाणी, प्रार्थना, शिव्या मेंदूत वेगळीकडे राहतात. कधीकधी त्या दारातून माणूस बाहेर येतो. काका शिव्या देतात का?"

"नाही."

"मग प्रार्थना लावून बघू."

म्हणून ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी ग्रेसीने डब्यापासून खिडकीतून ओटीवर वायर ओढली, छोटा स्पीकर आरामखुर्चीच्या हातावर ठेवला आणि एक फाइल लावली. एलिसाचा आवाज वर चढला, खाली आला. मागचा सूर सुरू झाला. त्या सुरात फ्रेडरिक यांचे ओठ हलले, आणि "पवित्र" हा अख्खा शब्द बाहेर पडला.

फ्लॉसी आत्या दारात उभी होती. फ्रेडरिक यांची ही थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, पलीकडच्या खोल्यांत राहायची. तिने पदर तोंडावर धरला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ठरल्या वेळी रोझरी आपोआप लागू लागली; ग्रेसीने तशी सोय करून ठेवली. एक शब्द, मग दोन. दिपिका म्हणाली, "आता खंड पाडायचा नाही हां. हाताला आलंय ते. आत्ता ब्रेक घेतला तर निसटेल, आणि मग परत येईल याची गॅरंटी मी देणार नाही."

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकाची डिस्क गेली.

ग्रेसीला त्यात भीती वाटण्यासारखं काही दिसलं नाही. खारी हवा, ऑक्टोबरची उष्णता, डिस्क जुनी. अशा प्रसंगासाठीच तर ॲरे बांधला होता. तिने मेलेली डिस्क काढली, नवी बसवली आणि पुन्हा बांधणी सुरू केली. उरलेल्या दोन डिस्क वाचून सॉफ्टवेअर गेलेल्या डिस्कवरचा प्रत्येक आकडा काढत आणि नवीवर लिहीत होतं. डबा तापू नये म्हणून तिने वरचं झाकण उघडं ठेवलं, टेबलफॅन लावला आणि कामणला जाण्याआधी आत्याला बजावलं, "आत्या, डबा आजारी आहे. कुणाला हात लावू देऊ नकोस."

संध्याकाळी परत आली तर पुढच्या खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास होता. तिसऱ्या डिस्कच्या पाठीवर पाण्याचे थेंब होते.

"आत्या, हे ओलं कसं झालं?"

"ओलं कुठे? चार थेंब शिंपडले. पवित्र पाणी आहे गं, नळाचं नाही."

"चालू मशीनवर?"

"आजारी आहे म्हणालीस ना? आजाऱ्यावर शिंपडायचं नाही तर काय केळीला घालायचं? एलिसाचा आवाज आहे त्यात, मला काय ठाऊक नाही होय!"

 ग्रेसी खाली बसली आणि तिने प्लग काढला. फ्लॉसी आत्याला तेवढ्यावरूनच काय झालं ते कळलं असावं. ती थोड्या वेळाने आली आणि तिने हात पुढे केला.

"दे इकडे. माझा फोन बादलीत पडला होता तेव्हा तांदळात ठेवला. दोन दिवसांत बोलायला लागला."

"ही जळलीय, आत्या."

"दे तरी."

ग्रेसीने दिली. आत्याने तिसरी डिस्क स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात खोल पुरली, आणि त्या दिवसापासून भातासाठी तांदूळ पलीकडून आणू लागली.

हिशेब सोपा होता. दुसरी डिस्क मेलेली, तिच्या जागची नवी जेमतेम सुरुवातीला लिहिली गेलेली, तिसरी जळलेली. उरली पहिली. एका डिस्कवरून या ॲरेचं काहीच वाचता येत नाही. प्रत्येक फाइलचे तुकडे तिन्हींवर विखुरलेले असतात. मुंबईच्या डेटा काढून देणाऱ्यांनी फोनवर सांगितलं, पाठवून द्या, महिना-दीड महिना लागेल, खात्री नाही.

संध्याकाळी फ्रेडरिक ओटीवर येऊन बसले. स्पीकर खुर्चीच्या हातावरच होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग ग्रेसीने माळ हातात घेतली आणि स्वतः "नमो मरिये" सुरू केलं. त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं, आणि तोंड उघडलं नाही. फ्लॉसी आत्याने मोठ्या आवाजात प्रयत्न केला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. असे काही दिवस गेले. "मरिये" गेलं, "पवित्र" गेलं. ओठ हलायचे आणि "ता" यायचं, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा जो व्हायचा तो बघवत नसे.

रविवारी दुपारी, चर्चमधली मिस्सा आणि जेवण आटोपल्यावर, डिस्क मुंबईला पाठवण्यापूर्वी ग्रेसीने एकदा काळा डबा उघडला. नवी डिस्क तिने काढून ठेवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेच्या वायरी मोकळ्या लोंबत होत्या. पहिली डिस्क तेवढी जोडलेली होती. तिने जबरदस्तीने ॲरे उभा करायची आज्ञा दिली, फक्त वाचण्यापुरता, म्हणजे काही लिहिलं जाऊन आणखी बिघडायला नको. नकार येणार हे माहीत होतं. यंत्राने नाही म्हटलं की मन तरी मोकळं होईल, एवढाच हेतू.

नकार आला नाही.

तिने स्थिती विचारली. चालू डिस्कच्या जागी यू असं अक्षर येतं, गैरहजर डिस्कच्या जागी आडवी रेघ. पडद्यावर यू, रेघ, यू असं होतं.

पहिली चालू. दुसरी गैरहजर. तिसरी चालू.

ग्रेसी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तांदळात कोपरापर्यंत हात घातला. डिस्क तिथेच होती. थंड, तांदळाचा भुसा लागलेली. तिने ती परत आत ढकलली, हात धुतले आणि येऊन बसली. यू, रेघ, यू. जुनी माहिती पडद्यावर अडकून राहिली असेल म्हणून तिने मशीन बंद केलं, चालू केलं, पुन्हा आज्ञा दिली. तेच. मग तिने प्रत्येक डिस्कचा कारखान्यातला क्रमांक मागवला. पहिलीचा आला. तिसरीच्या नावापुढे रिकामी ओळ होती. खाली साइज मात्र बरोबर होती.

कधीतरी विचार करू, असं तिने स्वतःला सांगितलं. आत फाइली तारखेप्रमाणे शिस्तीत होत्या. तिने एक उघडली.

खिडकीपलीकडे आरामखुर्ची करकरली. फ्रेडरिक सावरून बसले होते.

दोन-तीन दिवस ग्रेसी फक्त ऐकत होती. आवाज स्वच्छ होता, पूर्वीपेक्षा स्वच्छ. शेजारचा पंप नव्हता, खोकला नव्हता. फ्रेडरिक पुन्हा "पवित्र"वर आले, मग "मरिये"वर, आणि एका संध्याकाळी "विनंती कर" इथपर्यंत गडगडत पोहोचले. ग्रेसीने त्या संध्याकाळी ऑफिसचा फोन उचलला नाही.

दिपिका आली तेव्हा तिने सगळी रोझरी उभ्याने ऐकली.

"ताई, एक नंबर एडिट केलंत."

"काय?"

"मागचा कोरस काढून टाकला ना? नुसता काकींचा आवाज आणि मग गॅप. काकांना ती गॅप भरावीच लागते. आणि गॅप पण बरोबर काकांच्या स्पीडच्या. मला अशी फाइल दुसऱ्या पेशंटसाठी करून द्याल का?"

"बघते," ग्रेसी म्हणाली.

तिने काहीच काढलं नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी लवकर येऊन लक्ष दिलं. एलिसाचा अर्धा भाग संपायचा आणि शांतता पडायची. फ्रेडरिक अडखळले तर शांतता लांबायची. ते शेवटच्या शब्दावर पोहोचले की मगच पुढचं "नमो मरिये" यायचं. मध्येच त्यांना ठसका लागला. आत्याने पाणी आणलं, त्यांनी ते सावकाश प्यायलं, पेला खाली ठेवला, तोंड पुसलं. तोवर स्पीकर गप्प होता. पडद्यावर फाइलची पट्टी कधीच शेवटाला जाऊन थांबली होती. त्यांनी "आमेन" म्हटलं आणि आवाज पुढे चालू झाला.

प्रत्येक फाइलचा गणिती ठसा काढता येतो. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. ग्रेसीने संध्याकाळच्या फाइलचा ठसा रोझरीआधी काढला आणि नंतर काढला. दोन्ही वेगळे आले. ॲरेवर लिहायला परवानगीच नव्हती.

मग तिने जे फार आधी करायला हवं होतं ते केलं. फाइल पेनड्राइव्हवर उतरवली, लॅपटॉपला लावली आणि मागच्या दारी केळींच्या आळ्याशी उभी राहून कानात ऐकली. प्रतीत शेजारचा पंप होता. खोकला होता. मागचा सूर होता, त्यात फ्रेडरिक यांचा झटक्याआधीचा भक्कम आवाज होता आणि तिचा स्वतःचाही. "पवित्र मरिये," ते सगळे म्हणत होते. त्याआधी काहीच नव्हतं. एक लांब शांतता, मग उत्तर. पुन्हा शांतता, पुन्हा उत्तर.

तिने ती प्रत पुसली नाही. पुन्हा ऐकलीही नाही.

"आत्या," भाजी निवडताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "रोझरीत तुला काही वेगळं वाटतं का गं?"

फ्लॉसी आत्याने शेंगेची शीर ओढून काढली.

"काल फ्रेडी 'मरणाच्या' म्हणताना चुकला," ती म्हणाली. "तेव्हा ती 'दम घ्या' म्हणाली."

"तू ऐकलंस?"

"बहिरी आहे का मी?"

"भीती नाही वाटली?"

"एलिसाची? तिला मी उंदराला भिताना बघितलंय." आत्याने दुसरी शेंग घेतली.  "तू आता त्या डब्याला काही करू नकोस, बाय. मी पण नाही करत."

नवी डिस्क टेबलावर पिशवीत पडून होती. ग्रेसीचा हात दोन-तीनदा तिच्याकडे गेला. नियमाने ती बसवायला हवी होती. रिकामी जागा जितके दिवस रिकामी तितका धोका. पण बांधणी करायची तर दोन डिस्कवरचे आकडे वाचावे लागतात, आणि त्यातली एक तांदळात होती. सॉफ्टवेअर काय वाचेल आणि नवीवर काय लिहील, याचं उत्तर तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिने डबा तसाच ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने अशी कच्ची व्यवस्था कुणाची चालवून घेतली नसती. रोज कामणहून ती स्कूटर जोरात हाकायची, आणि ओटीवरून दोन आवाज ऐकू आले की वेग कमी करायची.

नोव्हेंबरअखेर फ्रेडरिक यांचं उत्तर सलग येऊ लागलं. प्रार्थनेबाहेरही एकेक शब्द सांडला. "पाणी." "पंखा." एकदा फ्लॉसी आत्याने मासे खारट केले तेव्हा, स्पष्ट, "मीठ!" आत्या रागावण्याऐवजी रडली. जॅक्सनला व्हिडिओवर त्यांनी "पोर" म्हटलं; तो तिकडे फोन टेबलावर ठेवून उठून गेला, नुसती भिंत दिसत राहिली.

दिपिका खूश होती, पण एक गोष्ट तिला हवी होती. "हे सगळे सुटे शब्द आहेत, ताई. समोर दिसलं, नाव घेतलं. स्वतःच्या मनातलं वाक्य जोडून काढलं पाहिजे. एकदा ते झालं ना, की मग काका थांबत नाहीत. नाही झालं, तर इथेच राहतील."

डिसेंबर लागला. गावात घराघरांवर नाताळचे तारे चढू लागले. एका संध्याकाळी ग्रेसी घरी आली तेव्हा ओटीवरून आवाज येत नव्हता.

ती सरळ डब्याकडे गेली. दिवा लागलेला होता. पहिली डिस्क फिरत होती.

यू, रेघ, रेघ.

ॲरे बंद होता. तिने रविवारची आज्ञा दिली.

सुरू करायला पुरेशा डिस्क नाहीत, असं उत्तर आलं.

तिने पुन्हा दिली. मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा दिली. तेच उत्तर. जे पहिल्याच दिवशी यायला हवं होतं ते.

क्षणभर तिला हलकं वाटलं, कारण हिशेब जुळला होता. मग तिला बाहेरची खुर्ची आठवली.

फ्लॉसी आत्या चर्चमध्ये नाताळचा गोठा सजवायला गेली होती. ओटीवर फ्रेडरिक एकटेच होते. माळ मांडीवर होती. स्पीकर गप्प होता, आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

ग्रेसी त्यांच्या पायाशी पायरीवर बसली.

"डॅडी," ती म्हणाली, "आज मम्मीची रोझरी लागणार नाही. उद्याही नाही. मी वाचवू शकले नाही."

ते बोलू लागले. एका दमात, कुठेही न अडखळता.

"हॉस्पिटलच्या गेटाजवळ बदामाचं झाड होतं, त्याच्याखाली बसायचीस तू. जेवणाचा डबा देऊन झाला तरी जायची नाहीस. हेल्मेट मांडीवर, मान खाली. वरच्या खिडकीतून दिसायचीस. काचेवर हात आपटला, तुला ऐकू आलं नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा दिसत होतीस. एकटं वाटलं नाही. तेवढं सांगायचं राहिलं होतं."

ग्रेसी हलली नाही.

एलिसा हॉस्पिटलमध्ये होती त्या दिवसांत फ्रेडरिक इथे, याच घरात, तापाने पडून होते. डबा पोहोचवून मी लगेच परत येते, असं तिने त्यांना सांगितलं होतं. बदामाखाली बसायची ते तिने कुणालाही, कधीही सांगितलं नव्हतं.

फ्रेडरिक यांचा जबडा सैल पडला. ओठाचा उजवा कोपरा नेहमीसारखा थरथरला. त्यांनी तिच्याकडे घाबरून पाहिलं, श्वास गोळा केला.

"मी…" मोठ्या कष्टाने, दगड उचलावा तसं. "मी… काय… बोललो?"

तीन शब्द. कुठल्याही प्रार्थनेतले नव्हते, समोर दिसणाऱ्या कशाची नावं नव्हती. वाक्य होतं. त्यांचं स्वतःचं.

ग्रेसीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ते काय बोलले ते त्यांना सांगितलं. बदामाचं झाड, हेल्मेट, खिडकी, काच. एकही शब्द गाळला नाही. सांगताना तिची मान खाली होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते थांबले, आणखी कुणाचं तरी बोलणं पुरं व्हायची वाट बघावी तसे. त्यांनी मान डोलावली.

"आता… तरी…" ते म्हणाले. "वर… बघ… म्हणते."

ग्रेसीने मान वर केली.